परदेशातील मुहूर्त आणि मालकाचे घड्याळ

पोटासाठी अथवा उत्कर्षासाठी परदेशी गेलेल्या भारतीयाबरोबर त्याचे पंचांगही समुद्र ओलांडते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत, नव्या मोटारीची पूजा, इतकेच काय, नोकरीच्या करारावर सही करावयाची वेळ, यांसाठी न्यू जर्सीहून पुण्यास आणि मस्कतहून रत्नागिरीस विचारणा होत असते. विचारणाऱ्याची मुख्य अडचण एकच असते: मुहूर्त धरावयाचा तो तिथल्या वेळेने की इथल्या? तेथे सूर्य उगवतो तेव्हा येथे संध्याकाळ होत आलेली असते. मग आजची तिथी कोणती म्हणावयाची?

हा विषय पक्षाच्या मुखपत्रात कशासाठी, असे काही सभासदांस वाटेल. परंतु हा प्रश्न आपल्या घरांच्या बाहेर थांबलेला नाही. ज्या घरात बाप गिरणी संपात लढला त्याच घरातील मुलगा आज दुबईत तारखंडाचे काम करतो, किंवा मुलगी टोरँटोत संगणकापुढे बसते. आणि तिच्या लग्नाची तारीख ठरवताना आई पंचांग उघडते. अशा वेळी कार्यकर्ता दोहोंपैकी एक करतो. एक तर थट्टा करून आईस दुखावतो, किंवा “घरच्यांच्या समाधानासाठी” म्हणून गप्प राहतो. हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत. थट्टेने कोणाची समजूत वाढत नाही, आणि मौनाने तर नाहीच. वस्तुतः परदेशातील पंचांगाचा प्रश्न ही शुभाशुभ कल्पनांची चिकित्सा करण्याची एक चांगली संधी आहे. कारण मायदेशात जे झाकलेले राहते ते परक्या अक्षांशावर आपोआप उघडे पडते.

आकाशाचे गणित

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की पंचांग म्हणजे सगळीच भोंदूगिरी नव्हे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे होत. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथींचा चांद्रमास होतो. चंद्राची गती कमीअधिक होत असल्याने तिथी कधी सुमारे १९ तासांची तर कधी सुमारे २६ तासांची असते. हे गणित खरे आहे, मोजता येते, पडताळता येते. ते आपल्या पूर्वजांच्या बुद्धीचे आणि श्रमांचे फळ आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यात कम्युनिस्टांना कोणताही संकोच असण्याचे कारण नाही.

तिथी ज्या क्षणी संपते तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. घड्याळे तेवढी निरनिराळे आकडे दाखवतात. परंतु दिवसाला जी तिथी द्यावयाची ती सूर्योदयाच्या वेळची, असा सर्वसाधारण नियम आहे. आणि सूर्योदय मात्र गावोगावचा वेगळा. समजा, हिवाळ्यात एखादी एकादशी भारतात सोमवारी सकाळी १० वाजता लागली आणि मंगळवारी सकाळी ९ वाजता संपली. मुंबईत मंगळवारी सूर्य उगवताना एकादशी आहे, म्हणून उपवास मंगळवारी. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेथे हीच एकादशी रविवारी रात्री साडेअकराला लागून सोमवारी रात्री साडेदहाला संपेल. म्हणजे तेथील एकादशी सोमवारची. मुंबईचे पंचांग भिंतीवर टांगून न्यूयॉर्कमध्ये मंगळवारी उपवास करणारा गृहस्थ पंचांगाच्याच नियमाने द्वादशीस उपाशी राहतो.

यात गूढ काहीही नाही. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटे, एवढेच सूत्र आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या स्थानिक वेळेतदेखील सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे, आणि म्हणूनच चांगल्या पंचांगात निरनिराळ्या शहरांसाठी संस्कार दिलेले असतात. परदेशात राहणाऱ्याने सण पाळावयाचा असेल तर तेथील सूर्योदयाचे गणित करावे, हे उत्तर खगोलशास्त्राच्या दृष्टीने सरळ आहे. गोंधळ सुरू होतो तो येथून पुढे. मोजमाप संपून शुभाशुभाचा निवाडा सुरू होतो तेथे.

क्षितिजावर अडलेले शास्त्र

राहुकाळाचे उदाहरण घेऊ. मूळची दक्षिणेकडे अधिक रूढ असलेली ही कल्पना आता मराठी दिनदर्शिकांतूनही रोज छापली जाते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ भाग करावयाचे आणि वारानुसार त्यातील एक भाग अशुभ मानावयाचा. सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, याप्रमाणे. मुंबईत हा भाग सुमारे दीड तासाचा भरतो. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, तेव्हा राहू दोन तासांहून अधिक काळ ठाण मांडतो; डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, तेव्हा त्याला तासाभरात आवरते घ्यावे लागते. त्यातही डिसेंबरातील लंडनचा सोमवारचा राहुकाळ सकाळी ९ ते १० च्या सुमारास येतो. म्हणजे त्या महानगरातील बहुसंख्य कचेऱ्या दर सोमवारी ऐन राहुकाळात उघडतात, आणि तरीही तेथील बँकांच्या नफ्यास त्याची बाधा झाल्याचे दिसत नाही.

याहूनही उत्तरेस जावे. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि उन्हाळ्यात कित्येक आठवडे मावळत नाही. जेथे सूर्योदयच नाही तेथे सूर्योदयाची तिथी कोणती? ज्या शास्त्रात वार सूर्योदयास बदलतो त्याच्या हिशेबाने तेथे सात आठवडे एकच वार चालू ठेवावयाचा काय? आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे तर काही राशी पूर्व क्षितिजावर उगवतच नाहीत; मग त्या लग्नावर जन्म घेण्याचे भाग्य तेथील बालकांच्या वाट्यास कधीच येणार नाही! साऱ्या मानवजातीचे भाग्य सांगू पाहणारी विद्या पृथ्वीच्या गोल आकारापाशी अडखळते, याचा अर्थ उघड आहे. ती साऱ्या मानवजातीसाठी रचलेली नव्हतीच. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या, मोसमी पावसावर जगणाऱ्या एका कृषिप्रधान समाजाने स्वतःच्या जीवनासाठी ती रचली.

दक्षिण गोलार्धात हे आणखी स्पष्ट होते. उत्तरायण शुभ मानले गेले, कारण आपल्याकडे त्या काळात दिवस वाढू लागतो. सिडनी आणि जोहान्सबर्ग येथे त्याच काळात दिवस लहान होत जातात. थंडीत अंगी उष्णता राहावी म्हणून वाटावयाचा तीळगूळ तेथे ऐन उन्हाळ्यात वाटला जातो. वाटण्यास हरकत नाही. माणसे आठवणीसाठी वाटतात. पण ग्रहांची इच्छा म्हणून वाटत असतील तर त्या ग्रहांना ऋतू कळत नाहीत असेच म्हणावे लागेल.

मुहूर्त कोठून आला

अनुवादाच्या कामात शब्दांची मुळे पुनःपुन्हा तपासावी लागतात. ‘मुहूर्त’ हा शब्द मुळात कालमापनाचा आहे. अहोरात्राचा तिसावा भाग, म्हणजे ४८ मिनिटे, हा त्याचा अर्थ. घटका ही त्याच्या निम्मी, २४ मिनिटांची. तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवून लग्नघटिका मोजली जाई, कारण घरोघरी घड्याळ नव्हते. मापाचे नाव पुढे भाग्याचे नाव झाले. मोजणाऱ्या माणसाचे महत्त्व मोजमापास चिकटले, असाच याचा अर्थ होतो.

शुभ काळाच्या नियमांमागे उत्पादनपद्धती उभी आहे. चातुर्मासात लग्ने वर्ज्य. कारण त्या दिवसांत पेरणी, लावणी, निंदणी यांत सारे हात गुंतलेले, नद्यांना पूर, वाटा बंद, आणि घरातील धान्य सरत आलेले. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत लग्नसराई. कारण पीक घरात आलेले आणि बैल मोकळे. गोरज मुहूर्त म्हणजे गुरे रानातून परतताना धूळ उडते ती वेळ. गायरानाच्या, शेताच्या, पावसाच्या या वेळापत्रकास एकदा दैवी मान्यता मिळाली की मूळ कारण विसरले जाते आणि नियम तेवढा उरतो. मग ज्या शहरात गुरे पाहावयाची तर प्राणिसंग्रहालयात जावे लागते त्या शहरीही गोरज मुहूर्त शोधला जातो.

हा नियम सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा प्रश्न. गावगाड्यात जोशी हा वतनदार होता. मुहूर्त सांगणे ही त्याची केवळ विद्या नव्हती, तर वंशपरंपरेने चालणारा आणि कुणब्याच्या खळ्यातून धान्य वसूल करणारा हक्क होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताविना विवाह लावण्यास प्रारंभ केला तेव्हा गावोगावचे जोशी चिडले, आणि बुडालेल्या दक्षिणेसाठी न्यायालयात दावे गेले. ग्रहांचा कोप होईल अशी भीती घालणाऱ्यांनी ग्रहांवर विसंबून न राहता दिवाणी न्यायालयाकडे धाव घेतली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

परदेशातील खरा जोशी

आता परदेशात मुहूर्त प्रत्यक्षात कसा ठरतो ते पाहू. अमेरिकेतील अथवा इंग्लंडमधील सुस्थित भारतीय कुटुंबातील लग्न बहुधा शनिवारी किंवा रविवारी, अथवा एखाद्या मोठ्या सुटीला जोडून होते. कारण पाहुण्यांना रजा त्याच दिवशी मिळते आणि सभागृह त्याच दिवसाचे आरक्षित झालेले असते. आधी सभागृहाची तारीख ठरते आणि नंतर भटजी त्या तारखेस मुहूर्त काढून देतात. मायदेशातही काही वेगळे घडत नाही. चातुर्मासातसुद्धा ‘आपत्कालीन’ मुहूर्त छापलेली पंचांगे आज बाजारात आहेत. तात्पर्य, जे पंचांग पूर्वी पावसापुढे वाकत होते ते आता भांडवलशाहीच्या आठवड्यापुढे वाकते. ग्रह तेच आहेत; मालक बदलला आहे.

आखाती देशांतील श्रमिकाकडे पाहिले की हे अधिक कठोरपणे दिसते. कोकणातून, मराठवाड्यातून, केरळातून, बिहारातून गेलेल्या बांधकाम मजुराच्या हाती मुहूर्त निवडण्याची सत्ताच नसते. ‘कफाला’ पद्धतीने त्याचा तेथील वास्तव्याचा परवाना मालकाशी बांधलेला. पारपत्र मालकाने काढून घेणे हा अनेकांचा अनुभव आहे. रजा दोन वर्षांनी, तीही मालकाच्या सोयीने. गावी जोशाने वैशाखातील उत्तम मुहूर्त काढून ठेवावा आणि कंपनीने रजा आषाढात द्यावी. मग लग्न आषाढात होते, आणि जोशीबुवा त्यासही काहीतरी तोड काढतात. बाप वारला तर दहाव्यालाही पोहोचता येईल याचा भरवसा नाही. या माणसाचा खरा जोशी म्हणजे त्याचा मालक, आणि त्याचे खरे पंचांग म्हणजे त्याच्या करारनाम्यातील कलमे.

त्याचा खरा राहुकाळही आकाशातील नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन अशी बंदी आहे. उन्हाने माणसे कोसळतात हे आधी कळले, कामगारांच्या असंतोषाचा आणि आंतरराष्ट्रीय टीकेचा दबाव वाढला, तेव्हा हे नियम झाले आणि पुढे विस्तारले. २००६ साली दुबईत बुर्ज दुबईच्या बांधकामावर मजुरांचा उद्रेक झाला होता; कामगार संघटना उभारण्यास ज्या देशात कायद्याने वाव नाही त्या देशात. माणसाच्या जिवास अपायकारक असा काळ असतो, आणि तो टाळता येतो. पण तो सांगणारे शास्त्र वैद्यकाचे आहे, आणि टाळण्याचे साधन एकजुटीचे.

हा इतिहास जुना आहे. १८३४ पासून गिरमिट लिहून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जे लाखो भारतीय मजूर नेले गेले त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. एक दिवस कामास न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘डबल कट’ पद्धत तेथे होती. अशा मजुराने अमावास्या आणि राहू कसा पाळावा? तरीही या लोकांनी गणेश चतुर्थी जपली, आणि आज तो दिवस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा आहे. हा ग्रहांचा प्रभाव नव्हे. मळेवाल्याने ज्यांना केवळ हात म्हणून नेले त्यांनी आपण माणसे आहोत हे ज्या साधनाने टिकवले ते साधन म्हणजे त्यांचे सण आणि त्यांची भाषा. परदेशातील श्रमिक पंचांग उघडतो तेव्हा त्यात त्याचा एकाकीपणाही असतो, हे न ओळखणारा कार्यकर्ता त्याच्याशी बोलू शकणार नाही. धर्मविषयक मार्क्सच्या विवेचनातील अफूचा उल्लेख तेवढा पाठ करून दुःखितांच्या व्यथेचा उल्लेख विसरणे, हा मार्क्सवाद नव्हे.

काळावर सत्ता कोणाची

काळ कोण मोजतो आणि कोणासाठी, हा वर्गीय प्रश्न आहे. ब्रिटिश सरकारने १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू केली तेव्हा मुंबईची घड्याळे सुमारे ३९ मिनिटे पुढे गेली. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले आणि दगडफेकही झाली. भल्या पहाटे भोंग्यामागे धावणाऱ्यास ती ३९ मिनिटे म्हणजे झोप होती. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. ती कोणत्याही पंचांगाने दिलेली नव्हती. आज परदेशातील लग्नाचा ‘मुहूर्त’ ज्या आठवडी सुटीस काढला जातो ती सुटी जगभरच्या कामगारांनी लढून मिळवली आहे, हे त्या मांडवात कोणी सांगत नाही. आपण सांगितले पाहिजे.

“मुहूर्त पाहिला तर बिघडले कोठे?” असा प्रश्न नेहमी केला जातो. बिघडते ते असे. मुहूर्ताच्या मिनिटावर बालक जन्मावे म्हणून गरज नसता शस्त्रक्रिया करविली जाते आणि जोखीम बाळंतिणीने सोसावयाची असते. मंगळाच्या नावाखाली मुलींची लग्ने अडतात, आणि परदेशी जन्मलेल्या मुलीची पत्रिका चुकीच्या स्थानिक वेळेवर मांडून त्या मंगळात आणखी गोंधळ घातला जातो. अक्षय्य तृतीयेस सोन्याच्या पेढ्या भरतात आणि कर्जाचे हप्ते वर्षभर चालतात. शिवाय जे घरात निरुपद्रवी दिसते ते राज्यसंस्थेच्या आश्रयास गेले की निरुपद्रवी राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणावयाचे ठरवले. शास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी त्यास दिलेले आव्हान २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने २००८ साली घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिष्यांनी भाग घेतला. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्यात त्यांचे यश सुमारे ४६ टक्के ठरले, म्हणजे नाणे उडवण्याइतकेही नाही. ही चाचणी जन्मपत्रिकांची होती, मुहूर्तांची नव्हे. पण दोहोंचा पाया एकच आहे. पुढे २०१३ साली दाभोलकरांची हत्या झाली आणि २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरे यांची. गोळ्या चालवणाऱ्यांना विवेकाचे महत्त्व आपल्या कित्येक सभासदांपेक्षा अधिक कळले होते, असे खेदाने म्हणावे लागते.

आपली परंपरा याहून उजळ आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास युरोपीय गणिताच्या आधारे सुधारलेले पंचांग काढले. म्हणजे आज जे पंचांग परदेशी नेले जाते त्याची अचूकता काही अंशी परदेशातूनच आलेली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशात चालू असलेल्या सुमारे ३० कालगणनांचा अभ्यास करून १९५५ साली अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. खरे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास होते आणि आपण मकरसंक्रांत तीन आठवड्यांनी साजरी करतो, हा फरक या समितीने देशापुढे मांडला. साहांचा मार्ग मोजण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि सर्वांस सांगण्याचा होता. सत्ताधाऱ्यांनी तो शासकीय पत्रांच्या माथ्यावरील तारखेपुरता उरवला.

सभासदांनी काय करावे? प्रथम, गणित शिकावे आणि शिकवावे. तिथी कशी होते, ती न्यूयॉर्कमध्ये एक दिवस आधी का येते, हे ज्यास समजले त्याची राहुकाळाची भीती निम्मी ओसरते. दुसरे, घरातील विवाह नोंदणी पद्धतीने करण्याचा आग्रह धरावा; देशात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, आणि परदेशात भारतीय नागरिकांसाठी १९६९ चा विदेशी विवाह कायदा आहे. दोन्हींत आगाऊ सूचना द्यावी लागते, मुहूर्त लागत नाही. तिसरे, परदेशी असलेल्या कामगारांच्या सणांपासून दूर राहू नये. मजूर वसाहतीत गणपती किंवा ओणम, ज्या दिवशी सर्वांस सुटी असेल त्या दिवशी, सर्व धर्मांच्या सोबत्यांसह साजरा व्हावा, आणि तेथेच थकलेल्या वेतनाची, अडवून ठेवलेल्या पारपत्रांची आणि नाकारलेल्या रजेची चर्चा व्हावी. चौथे, परदेशस्थ कामगाराच्या रजेचा आणि परतीचा हक्क हा आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रातील कायमचा मुद्दा झाला पाहिजे. राजदूतावासाच्या दारी हेलपाटे घालणाऱ्या कुटुंबामागे संघटना उभी राहिली तर त्यास अन्य ग्रहशांतीची गरज उरणार नाही.

आईने पंचांग उघडले तर ते हिसकावू नये. तिच्याशेजारी बसून त्यातील अक्षांश-रेखांशांचे पान तिला दाखवावे, आणि मग विचारावे: मुलाला रजा केव्हा आहे? बहुतेक वेळा तिचा खरा प्रश्नही तोच असतो. तो दिवस मालकाच्या मर्जीवर नव्हे तर त्या मुलाच्या हक्काने ठरावा, यासाठी लढणे हे आपले काम आहे. आणि त्या कामास कोणत्याही मुहूर्ताची वाट पाहावयाची नाही.